नावात पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असलेले फुटबॉल क्लब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्ट बंगाल, वेस्ट हॅम, प्रेस्टन नॉर्थ एंड, साउथ मेलबर्न. ही नावं इतकी कानावरून गेलेली असतात की त्यांतल्या दिशेकडे आपलं लक्षच जात नाही. पण दिशा कुठून तरी मोजावी लागते. पूर्व म्हणजे कुणाच्या पूर्वेला? हा प्रश्न प्रत्येक क्लबला विचारला की कुठे गावाची वेस सापडते, कुठे रेल्वे कंपनी, तर कुठे हातातून गेलेला एक सबंध मुलूख. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

या यादीत कोणते क्लब धरले आहेत?

ज्यांच्या नावात दिशा सुटी, डोळ्यांना दिसेल अशी उभी आहे ते. नॉर्विच, साउदॅम्प्टन, नॉर्दॅम्प्टन यांच्या नावांतही दिशा आहे, पण ती गावाच्या नावात शेकडो वर्षांपूर्वी मुरून गेली आहे. दक्षिण कोरियातला जॉनबुक हा मातब्बर क्लब, आशियाई चॅम्पियन्स लीग दोनदा (२००६ आणि २०१६) जिंकलेला. त्याच्याही नावात ‘उत्तर’ लपलेलं आहे, कारण जॉल्ला प्रांताच्या उत्तर भागाचं ते संक्षिप्त नाव. दक्षिण कोरियातली उत्तर! गंमत म्हणून ठीक आहे, पण असे सगळे घेत बसलो तर यादी संपायची नाही.

यांतला पहिला मोठा क्लब कोणता?

मोठा म्हणायचं तर प्रेस्टन नॉर्थ एंड. इंग्लंडच्या लँकेशायरमधलं प्रेस्टन हे कापडगिरण्यांचं गाव. तिथे १८६३ मध्ये नॉर्थ एंड नावाचा क्रिकेट क्लब निघाला. मंडळींनी मध्ये रग्बी खेळून पाहिलं, ते काही जमलं नाही, आणि १८८० च्या सुमारास ती फुटबॉलकडे वळली. ‘उत्तर टोक’ हे नाव मात्र क्रिकेटच्या दिवसांतलंच राहिलं.

१८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात प्रेस्टनने ती जिंकली. २२ सामन्यांत १८ विजय, ४ बरोबरी, पराभव एकही नाही. त्याच हंगामात एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धाही एकही गोल न खाता जिंकली. त्या संघाला ‘इन्व्हिन्सिबल्स’ म्हणजे अजिंक्य म्हणत. २००४ मध्ये आर्सेनलच्या संघाला हेच बिरुद मिळालं तेव्हा जुन्या प्रेस्टनकरांनी नाक मुरडलं असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. आर्सेनल लीगमध्ये ३८ सामने अपराजित राहिलं खरं, पण त्या वर्षी एफए कप त्यांच्याकडे नव्हता.

हे ‘एंड’ प्रकरण काय आहे? ईस्ट एंड, वेस्ट एंड, साउथ एंड?

१८७०-८० च्या दशकांत इंग्लंडमधले क्लब मोहल्ल्याचे होते. एका शहरात दहा-पंधरा संघ असायचे आणि त्यांना एकमेकांपासून वेगळं ओळखायला गावाचं टोक सांगणं सोपं पडायचं. पुढे पैसा आला, लीग आली. मोहल्ल्याच्या जिवावर भागेना, मग ही नावं गळून पडली. ब्रिस्टल साउथ एंड १८९४ मध्ये निघाला आणि तीनच वर्षांत ब्रिस्टल सिटी झाला.

सगळ्यात बोलका दाखला न्यूकॅसलचा. शहराच्या पूर्वेकडे ईस्ट एंड, पश्चिमेकडे वेस्ट एंड, आणि दोघांत हाडवैर. वेस्ट एंडकडे सेंट जेम्स पार्क हे मोक्याचं मैदान होतं, पण १८९२ मध्ये त्यांचा खजिना आटला आणि क्लब मोडला. ईस्ट एंडने ते मैदान ताब्यात घेतलं. आता पश्चिमेच्या मैदानावर पूर्वेचा क्लब! पश्चिमेकडच्या लोकांनी तिकीट काढून यायचं तरी कशाला? मग त्या वर्षीच्या डिसेंबरात सभा भरली आणि नवं नाव ठरलं : न्यूकॅसल युनायटेड. पुष्कळ लोक ‘युनायटेड’ म्हणजे दोन क्लबांचं विलीनीकरण समजतात. प्रत्यक्षात एक मेला आणि दुसऱ्याने त्याचं घर घेतलं. नाव तेवढं दोघांनाही चालेलसं ठेवलं.

वेस्ट हॅम आहे, मग ईस्ट हॅम कुठे आहे?

शेजारीच. आणि खरी मजा पुढेच आहे : वेस्ट हॅम युनायटेड हा क्लब ११२ वर्षं ईस्ट हॅममध्ये खेळत होता.

क्लबची सुरुवात १८९५ मध्ये थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्यातल्या कामगारांच्या संघातून झाली. त्यामुळेच पाठीराखे आजही ‘आयर्न्स’ असा गजर करतात आणि क्लबच्या चिन्हावर दोन हातोडे आहेत. कारखान्याचे मालक अर्नाल्ड हिल्स हे कडक शिस्तीचे, दारूचे विरोधक आणि पक्के शाकाहारी गृहस्थ. लंडनच्या शाकाहारी मंडळाचे ते अध्यक्ष होते. त्याच मंडळाच्या कार्यकारिणीत १८९० च्या सुमारास बॅरिस्टरी शिकणारा एक लाजरा हिंदी तरुण बसायचा, मोहनदास करमचंद गांधी. वेस्ट हॅमचा इतिहास सांगताना इंग्रज हा धागा सहसा सोडून देतात. आपण कशाला सोडायचा?

१९०० मध्ये कारखान्याचा संघ बरखास्त होऊन वेस्ट हॅम युनायटेड नावाने नवा क्लब उभा राहिला. वेस्ट हॅम तेव्हा लंडनमध्ये नव्हतं, ते एसेक्स परगण्यातलं स्वतंत्र नगर होतं. १९०४ मध्ये क्लब बोलीन ग्राउंडवर गेला. हे मैदान ग्रीन स्ट्रीटच्या पूर्वेला, आणि ग्रीन स्ट्रीट म्हणजेच दोन्ही हॅमांमधली हद्द. अंधेरी पूर्व आणि पश्चिम यांच्यामधून रेल्वेचे रूळ जातात, तशी इथे ही गल्ली. म्हणजे पत्ता ईस्टचा, नाव वेस्टचं. बॉबी मूर, जेफ हर्स्ट आणि मार्टिन पीटर्स हे १९६६ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातले इंग्लंडचे तीन मोहरे याच पत्त्यावर घडले.

१९६५ मध्ये दोन्ही हॅम एकत्र करून न्यूहॅम हा लंडनचा विभाग झाला आणि सरकारदरबारी ती हद्द पुसली गेली. २०१६ मध्ये क्लब स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक स्टेडियमवर गेला. ती जागा जुन्या वेस्ट हॅम नगरातली. पाठीराख्यांना बोलीन ग्राउंड सोडल्याचं दुःख अजून आहे. पण नकाशा समोर ठेवला तर क्लब एवढ्या वर्षांनी आपल्या नावाच्या गावात परतला असंच म्हणावं लागतं.

वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या समोर ईस्ट ब्रॉमविच आहे का?

नाही. आसपास कॅसल ब्रॉमविच आहे, लिटल ब्रॉमविच होतं, पण ईस्ट नाही. क्लब १८७८ चा, तराजू आणि स्प्रिंगा बनवणाऱ्या सॉल्टर कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला.

लेटन ओरिएंटमधलं ‘ओरिएंट’ म्हणजे पूर्वच ना?

क्लब पूर्व लंडनचा, शब्दाचा अर्थ पूर्व, म्हणजे गणित जुळलं असं वाटतं. पण नाव आलं ते बोटीवरून. १८८१ मध्ये क्रिकेट क्लब म्हणून निघालेल्या या मंडळीत एक खेळाडू ओरिएंट स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीत नोकरीला होता. त्याच्या सुचवण्यावरून १८८८ मध्ये ओरिएंट हे नाव ठेवलं गेलं. तेव्हा इथली पूर्व लंडनची नाही. सुएझ कालव्यातून ऑस्ट्रेलियाकडे बोटी नेणाऱ्या कंपनीची आहे.

याच क्लबची दुसरी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धात फुटबॉलपटूंची वेगळी पलटण उभी राहिली तेव्हा क्लॅप्टन ओरिएंटचे (तेव्हाचं नाव) खेळाडू आणि कर्मचारी मिळून ४१ जण भरती झाले. रिचर्ड मॅकफॅडन, जॉर्ज स्कॉट आणि विल्यम जोनास हे तिघे खेळाडू १९१६ मधल्या सॉमच्या लढाईनंतर परतले नाहीत.

ईस्ट बंगाल क्लब कोलकात्यात आहे, म्हणजे पश्चिम बंगालमध्ये. मग नाव ईस्ट का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न.

१९२० मध्ये पश्चिम बंगाल नावाचं राज्यच नव्हतं. बंगाल एक होता आणि कलकत्ता त्याची राजधानी. पण १९०५ च्या फाळणीत कर्झनने पूर्व बंगाल आणि आसाम असा वेगळा प्रांत पाडला होता. ती फाळणी १९११ मध्ये रद्द झाल्याचं जाहीर झालं, तरी ‘तिकडचे’ आणि ‘इकडचे’ ही भावना राहिलीच. ढाका, मैमनसिंग, बरिसालकडून शिक्षणासाठी-नोकरीसाठी कलकत्त्यात आलेल्यांना इथले लोक ‘बांगाल’ म्हणत, आणि त्यात गावंढळ असा छुपा टोमणा असे. इथले ते ‘घोटी’.

२८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकात जोडाबागान आणि मोहन बागान या कलकत्त्याच्याच दोन क्लबांचा सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या बचावपटूला ऐनवेळी वगळलं. जोडाबागानचे उपाध्यक्ष, टांगाइलकडच्या नागरपूरचे जमीनदार सुरेशचंद्र चौधुरी यांनी कारण विचारलं. उत्तर मिळालं नाही. बोस पूर्वेकडचे म्हणून हा अन्याय झाला, असं मानून चौधुरी बाहेर पडले आणि चार दिवसांत, १ ऑगस्टला, त्यांनी साथीदारांसह नवा क्लब काढला. नाव ठरवायला वेळ लागला नसणार. ज्या गोष्टीवरून हिणवलं गेलं तीच पाटीवर लिहिली. पहिले अध्यक्ष सारदारंजन राय, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांचे थोरले बंधू. लाल-सोनेरी रंगाबद्दल क्लबात सांगतात की चौरंगीवरच्या व्हाइटवे लेडलॉच्या दुकानात तशी जर्सी टांगलेली दिसली आणि ती सगळ्यांना आवडली.

मोहन बागानशी वैर पहिल्या दिवसापासून होतं का?

मैदानावरचं वैर पेटायला पाच वर्षं गेली. ईस्ट बंगाल आधी कलकत्ता लीगच्या दुसऱ्या विभागात खेळत होता. पहिल्या विभागात भारतीय क्लब दोनच असावेत असा तेव्हा दंडक होता. जागा मोहन बागान आणि आर्यन यांनी भरलेल्या होत्या. ईस्ट बंगालने वर जाण्याचा हक्क मिळवला आणि हा दंडक मोडीत काढावा लागला. भारतीय क्लबांच्या संख्येवरची ती मर्यादा उठवून घेणं हे त्या क्लबचं मोठं काम. ट्रॉफ्यांच्या यादीत ते येत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

२८ मे १९२५ रोजी कलकत्ता लीगमध्ये दोघे प्रथम भिडले. नेपाल चक्रवर्तीच्या गोलवर ईस्ट बंगाल १-० ने जिंकला.

फाळणीनंतर या नावाचं काय झालं?

१९४७ मध्ये पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला. १९५५ मध्ये त्याचं नाव पूर्व पाकिस्तान झालं, १९७१ मध्ये बांगलादेश. ‘ईस्ट बंगाल’ हा शब्द नकाशावरून गेला तो गेलाच, आणि कोलकात्याच्या मैदानावर मात्र राहिला. लाखो निर्वासित जादवपूर, बिजयगड अशा वसाहतींत येऊन पडले. घर, शेत, तळं, सगळं पलीकडे राहिलेलं. त्यांच्यासाठी हा क्लब म्हणजे शनिवारची करमणूक नव्हती. आपल्या गावाचं नाव मोठ्याने ओरडता येईल अशी ती एकमेव जागा होती. १९२० मध्ये अन्यायाच्या रागातून घेतलेली दिशा १९४७ नंतर आठवणीची दिशा झाली. क्लबने यासाठी काही केलं नाही, सीमेने ते केलं.

सामना जिंकला की ईस्ट बंगालवाल्यांकडे हिलसा मासा आणि हरला तर शोक, मोहन बागानवाल्यांकडे कोळंबी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारात त्या दिवशी भावही त्याप्रमाणे हलतात म्हणे. पण हे खाण्याचं प्रकरण इतकं चघळलं गेलंय की त्यामागची हिंसा झाकली जाते. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर या दोन क्लबांच्या सामन्यात दंगा उसळला आणि १६ प्रेक्षक मेले. कोलकात्यात तो दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतात.

क्लबमध्ये फक्त पूर्व बंगालचेच खेळाडू असत का?

अजिबात नाही. क्लबच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली आघाडीची फळी म्हणजे १९४९ ते १९५३ मधले ‘पंचपांडव’ : व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचही दक्षिण भारतातले! त्यांच्या जोरावर १९४९, ५०, ५१ अशी सलग तीन वर्षं आयएफए शिल्ड ही कलकत्त्याची मानाची स्पर्धा जिंकली. पूर्वेचा झेंडा दक्षिणेच्या खांद्यावर होता आणि गॅलरीतल्या एकाही बांगालला त्यात वावगं वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं, गोल तर पडत होते.

१९७५ च्या शिल्ड अंतिम सामन्यातला मोहन बागानवरचा ५-० विजय हा अजूनही दोघांमधल्या सामन्यांतला सगळ्यात जिव्हारी लागणारा निकाल. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त माणसं होती. बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली आणि ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकला. भुतिया सिक्कीमचा. म्हणजे इथेही पूर्व बंगालचा माणूस शोधून सापडत नाही.

ईस्ट बंगालचा गोव्याशी, मुंबईशी काही संबंध?

आहे, आणि चांगला जवळचा. मुंबईच्या कूपरेजवरचा रोव्हर्स कप ईस्ट बंगालने १९४९ मध्ये पहिल्यांदा जिंकला आणि पुढे अनेकदा. एका पिढीतल्या मुंबईकरांनी कोलकात्याचे मोठे क्लब पाहिले ते या स्पर्धेतच.

गोव्याचं नातं आणखी घट्ट आहे. जुलै २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत ईस्ट बंगालने थायलंडच्या बीईसी तेरो सासना संघाला ३-१ ने हरवलं. परदेशात भारतीय क्लबने मिळवलेल्या मोजक्या मोठ्या यशांपैकी हे एक. त्यात तिसरा गोल गोव्याच्या अल्विटो डिकुन्याचा. तो पुढे वर्षानुवर्षं याच क्लबात रमला.

आणि करोनाच्या काळात आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) अख्खा हंगाम गोव्यात झाला तेव्हा ईस्ट बंगाल नुकताच त्या लीगमध्ये आला होता. आयएसएलमधली पहिली कोलकाता डर्बी, म्हणजे या दोन शेजारी क्लबांचा सामना, २७ नोव्हेंबर २०२० रोजी वास्कोच्या टिळक मैदानावर, एकाही प्रेक्षकाविना झाली. मोहन बागान २-० ने जिंकला. घरापासून तोडलेल्यांच्या नावाने निघालेला क्लब, आणि त्याची सगळ्यात मोठी लढत दुसऱ्याच किनाऱ्यावरच्या रिकाम्या गॅलऱ्यांसमोर.

रेल्वेचे संघ यात येतात का? वेस्टर्न रेल्वे, ईस्टर्न रेल्वे?

येतात की. त्यांच्या नावात दिशा आहे, मात्र ती विभाग पाडणाऱ्या कचेरीने ठरवलेली. हे संघ हलके समजू नयेत. १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली तेव्हा पी. के. बॅनर्जी त्यांच्याकडून खेळत होते. त्यानंतर ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मडन या तिघांबाहेरच्या संघाला ती लीग जिंकायला २०१९ साल उजाडावं लागलं.

जगातला सगळ्यात नामांकित ‘पश्चिम रेल्वे’ संघ मात्र चर्चगेटचा नसून ब्वेनोस आयरेसचा आहे. फेरो कार्रिल ओएस्ते, म्हणजे शब्दशः पश्चिम रेल्वे. शहरातून पश्चिमेकडे जाणारी ही लाइन इंग्रज भांडवलाची, आणि १९०४ मध्ये तिच्याच कर्मचाऱ्यांनी काबायितो भागात क्लब काढला. प्रशिक्षक कार्लोस ग्रिगोल यांच्या हाताखाली १९८२ आणि १९८४ मध्ये या संघाने अर्जेंटिनाचं विजेतेपद घेतलं. बोका आणि रिव्हर या बलाढ्य क्लबांच्या शहरात ही गोष्ट लहान नव्हे.

नॉर्थईस्ट युनायटेड हे नाव कुणी, कुठून पाहून ठेवलं?

२०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा हा क्लब निघाला. मैदान गुवाहाटीचं, मालक मुंबईचा अभिनेता जॉन अब्राहम. नावात शहर नाही, आठ राज्यं मिळून एक दिशा आहे. ‘ईशान्य’ ही ओळख दिल्ली-मुंबईहून बघणाऱ्याची आहे. मणिपुरी, मिझो, खासी, आसामी माणूस घरी बसून स्वतःला ईशान्येचा म्हणवत नाही. दिल्लीत किंवा पुण्यात शिकायला आला की तो ‘नॉर्थईस्टचा’ होतो. म्हणून हे नाव मला सुरुवातीला कचेरीतलं वाटायचं.

मैदानावर ते हळूहळू लोकांचं होत गेलं. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी ड्युरंड कप या जुन्या भारतीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून त्यांनी बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये कप घेतला. क्लबची ती पहिली मोठी ट्रॉफी. पुढच्या वर्षी डायमंड हार्बर या क्लबला ६-१ असं चिरडून ती राखलीसुद्धा.

स्कॉटलंडमध्ये एवढ्या दिशा कशा?

तिथे परगण्यांच्या नावाने क्लब काढायची पद्धत होती. ईस्ट फाइफने १९३८ मध्ये दुसऱ्या विभागात असताना स्कॉटिश कप जिंकला. असं पुन्हा घडायला २०१६ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा हिबर्नियनने ते केलं. फॉल्कर्कच्या ईस्ट स्टर्लिंगशायरकडे दाखवण्यासारखे कप नाहीत, पण १९७४ मध्ये त्यांनी आठवड्याला ४० पौंडांवर ३२ वर्षांचा एक व्यवस्थापक ठेवला. त्याचं नाव ॲलेक्स फर्ग्युसन. तो काही महिन्यांतच दुसरीकडे गेला.

नावांत सगळ्यात देखणं नाव डमफ्रीसच्या क्वीन ऑफ द साउथचं. एका स्थानिक कवीने एकोणिसाव्या शतकात गावाला ‘दक्षिणेची राणी’ म्हटलं होतं, १९१९ मध्ये क्लबने ते उचललं. बायबलमध्येही हे शब्द येतात, त्यामुळे बायबलमध्ये उल्लेख असलेला एकमेव फुटबॉल क्लब असा विनोद तिथे कायम चालतो.

ऑस्ट्रेलियातल्या साउथ मेलबर्नचं काय?

ईस्ट बंगालच्या अगदी उलट गोष्ट. १९५९ मध्ये ग्रीक स्थलांतरितांनी साउथ मेलबर्न हेलास काढला. इथे ओळख होती ती ‘हेलास’ (म्हणजे ग्रीस) या शब्दात. साउथ मेलबर्न हे नुसतं उपनगर. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी क्लबांच्या नावांतून देश-वंशाच्या खुणा काढायला लावल्या. हेलास गेलं, दिशा उरली. कुणाला खटकणार नाही असं नाव पाहिजे असेल तेव्हा दिशा फार सोयीची पडते.

१९९१ मध्ये हा संघ राष्ट्रीय विजेता झाला तेव्हा प्रशिक्षक होते हंगेरीचे महान फेरेन्क पुश्काश आणि कर्णधार अँज पोस्टेकोग्लू. पुढे पोस्टेकोग्लू स्वतः प्रशिक्षक झाले, सलग दोन विजेतेपदं मिळवली आणि संघाला जानेवारी २००० मध्ये ब्राझीलमधल्या पहिल्या क्लब विश्वचषकाला घेऊन गेले. तिथे तिन्ही सामने हरले, त्यांतला एक मँचेस्टर युनायटेडशी.

सिडनीकडे वेस्टर्न सिडनी वाँडरर्स आहे. २०१२ मध्ये निघालेल्या या क्लबने २०१४ मध्ये, पहिल्याच प्रयत्नात, आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. शहराचा पश्चिम भाग हा कामगारांचा आणि स्थलांतरितांचा. तिथे ‘वेस्टर्न’ हे अभिमानाने सांगितलं जातं.

हाँगकाँगमध्ये ‘साउथ चायना’ आणि ‘ईस्टर्न’ दोन्ही आहेत?

हो. साउथ चायना हा सर्वाधिक, ४१ लीग विजेतेपदं मिळवलेला क्लब, पण २०१७ मध्ये त्याने वरच्या लीगमधून माघार घेतली. ईस्टर्नने २०१६ मध्ये लीग जिंकली तेव्हा प्रशिक्षक होत्या चान युएन-तिंग. पुरुष संघाला देशाच्या वरच्या लीगचं विजेतेपद मिळवून देणारी ती पहिली स्त्री म्हणून गिनेस बुकात नोंद आहे.

वेस्ट ऑकलंडने खरंच पहिला ‘विश्वचषक’ जिंकला होता?

फिफाचा नव्हे. आणि हे न्यूझीलंडचं ऑकलंडही नव्हे. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातलं हे खाणकामगारांचं खेडं. चहावाले सर थॉमस लिप्टन यांनी ठेवलेल्या ट्रॉफीसाठी तूरिनमध्ये १९०९ मध्ये काही देशांचे संघ जमले. वेस्ट ऑकलंडच्या हौशी खेळाडूंनी ती जिंकली, १९११ मध्ये पुन्हा जाऊन अंतिम सामन्यात युव्हेंटसला ६-१ ने हरवलं. त्यांनाच का बोलावलं यावर एक दंतकथा आहे : आद्याक्षरं सारखी असल्याने वुलिच आर्सेनलचं आमंत्रण चुकून यांना गेलं. ऐकायला छान आहे, पण पुरावा नाही. मूळ ट्रॉफी १९९४ मध्ये चोरीला गेली ती परत मिळाली नाही.

मुंबई किंवा गोव्यात दिशेच्या नावाचा मोठा क्लब का झाला नाही?

कारण इथे क्लब मोहल्ल्याच्या वर्गणीवर उभे राहिले नाहीत, मालकाच्या पगारावर राहिले. मुंबईचे जुने दमदार संघ आठवून पाहा : टाटा, महिंद्रा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया. गोव्यात साळगावकर, धेंपो, सेझा, चर्चिल ब्रदर्स. खाण कुणाची, गिरणी कुणाची, ते नावावरून कळतं. अशा ठिकाणी दिशेला जागा कुठली? गिरण्या बंद पडल्या, कंपन्यांनी हात काढून घेतला, आणि यांतले बरेच संघ त्याबरोबर संपले. ईस्ट बंगालवरही प्रायोजकांवरून कमी वादळं आली नाहीत, पण ‘ईस्ट बंगाल’ हे नाव टिकलं.

दोन दिशांचा सामना कधी झालाय का?

बऱ्याचदा. १८८८ च्या एफए कप अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविचने प्रेस्टन नॉर्थ एंडला २-१ ने हरवलं. १९६४ च्या अंतिम सामन्यात वेस्ट हॅमने त्याच प्रेस्टनला ३-२ ने, रॉनी बॉइसच्या शेवटच्या क्षणीच्या गोलवर. उत्तरेला पश्चिम बाधते असं प्रेस्टनमध्ये कुणी म्हणत असेल तर नवल नाही. २००८ मध्ये यूएफा कपच्या पात्रता फेरीत दक्षिणेच्या राणीची गाठ डेन्मार्कच्या नॉर्शेलँडशी, म्हणजे ‘उत्तर शेलँड’शी पडली आणि दोन्ही सामने उत्तरेने २-१ असे घेतले. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये ड्युरंड कपच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगाल नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध ०-२ ने मागे होता. सामना २-२ वर आणून पेनल्टीवर त्याने तो काढला.